झुंबरशेठ आणि बस्त्याचा ढीग

जुन्नरच्या बाजारपेठेत झुंबरलाल कापडवाल्यांचं दुकान कुणालाही विचारा, माणूस बोटाने दाखवील आणि वर गालातल्या गालात हसेल. हसण्यासारखं दुकानात काही नाही. आंबेगाव तालुक्यापासून ते बेल्ह्यापर्यंतची निम्मी लग्नं त्याच दुकानातल्या बस्त्याने उभी राहिली आहेत. हसू येतं ते शेठच्या नादाचं. म्हातारपणी माणसाला नाद लागतोच, कुणाला औषधांचा लागतो, कुणाला दुसऱ्यांच्या भांडणांचा. झुंबरशेठना सदुसष्टाव्या वर्षी चित्रांच्या प्रदर्शनांचा नाद लागला, आणि तो असा की महिन्यातून एकदा माळशेजमार्गे जाणारी मुंबईची एसटी पकडल्याशिवाय त्यांना चैन पडेना.

सुरुवात झाली नातीपायी. सिद्धीला मुंबईच्या आर्ट कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा तिच्या वडिलांना, म्हणजे प्रितमला, लग्नसराईत दुकान सोडवेना. म्हणून शेठ सोबत गेले. पोरगी कागदपत्रं घेऊन आत गेली आणि तीन तास बाहेर आली नाही. उन्हाने जीव कासावीस झालेला, समोर एक गार हवेची काचेची खोली, दारावरचा माणूस म्हणाला आत यायला तिकीट नाही. शेठनी सवयीप्रमाणे चपला दाराशी काढल्या आणि आत गेले. आत एक जुनी सायकल छताला टांगलेली होती आणि तिचं मागचं चाक आपलं आपण सावकाश फिरत होतं. बस, एवढंच. शेठ त्या चाकाखाली पाऊण तास उभे राहिले. कुणी केलं, किती दिवस लागले आणि हे घरी नेलं तर ठेवायचं कुठं, असे तीन प्रश्न त्यांनी दारावरच्या माणसाला विचारले. त्याला एकाचंही उत्तर देता आलं नाही. उत्तरं विचारायला म्हणून शेठ पुढच्या महिन्यात परत गेले, आणि मग जातच राहिले.

त्यांची बघण्याची एक पद्धत होती. अर्धवट बघून उठायचं नाही. गिऱ्हाईक मधूनच उठून गेलं की दाखवणाऱ्याच्या पोटात कसा खड्डा पडतो, हे ज्याने उभा जन्म गादीवर काढला त्याला सांगावं लागत नाही. एकदा एका अंधाऱ्या खोलीत भिंतीवर एक माणूस चालत असलेला सिनेमा लावला होता. चाळीस मिनिटं तो फक्त चालत होता. बाकीची मंडळी दोन मिनिटं थांबून जात होती. शेठ एकटे शेवटपर्यंत बसले, आणि शेवटी तो माणूस एका दगडावर टेकला तेव्हा यांनाच हायसं वाटलं. हे सगळं ते दुकानात येऊन सांगत. लग्नाच्या बस्त्याला जीप भरून आलेली माणसं साड्या बघायला बसलेली असायची आणि शेठ त्यांना चालणाऱ्या माणसाची हकीकत ऐकवायचे. प्रितम कपाळाला हात लावायचा. एक गोष्ट मात्र ते दर वेळी बजावून सांगत. कापडाच्या दुकानात हात लावल्याशिवाय काही कळत नाही, पण तिथं हात लावला की संपलं. तिथं हात पाठीमागे बांधून बघायचं.

त्यांच्या पत्नी झमकूबाई या नादाला कधी भुलल्या नाहीत. भिंतीला टांगलेलं बघायला एवढा घाट उतरून कशाला जायचं, असं त्यांचं म्हणणं. पण यंदा त्यांनाही एसटीत बसावं लागलं, कारण प्रदर्शन सिद्धीचंच होतं.

चार नव्या कलाकारांचं महिनाभर चालणारं प्रदर्शन होतं ते, फोर्टातल्या एका नावाजलेल्या गॅलरीत, आणि त्यात एक अख्खी खोली सिद्धीला दिलेली. तिने फोनवर सांगितलं होतं की हे लोकांना आवडलं तर गॅलरी आपलं काम कायमचं हाती घेईल, नाही आवडलं तर पुन्हा कधी बोलावणार नाही. काम काय आहे ते मात्र सांगितलं नव्हतं. दादाजींनी येऊनच बघायचं, आणि सहाच्या आधी यायचं नाही, असा तिचा हुकूम होता. शेठनी मोबाईलवर आलेल्या निमंत्रणाच्या रंगीत प्रती काढून घेतल्या आणि अख्ख्या पेठेत वाटल्या. बेल्ह्याच्या बैलबाजाराला निघालेल्या दोन व्यापाऱ्यांनाही टेम्पो थांबवून एकेक दिली. आदल्या रात्री झोप म्हणून लागली नाही. सकाळची पहिली एसटी पकडली, आणि सहाचं उद्घाटन असताना हे दोघं साडेबारालाच गॅलरीच्या दारात हजर झाले.

दार बंद होतं. सिद्धी आणि गॅलरीचा मॅनेजर मोहित नावांच्या पाट्या छापून आणायला गेले होते. झाडलोट करणाऱ्या गोजरबाई तेवढ्या आत होत्या. उद्घाटनाआधी कुणाला आत घ्यायचं नाही, असं त्यांनी काचेआडून सांगितलं. शेठ म्हणाले, जुन्नरहून आलोय, सिद्धीचा आजोबा. जुन्नर ऐकलं मात्र, आणि गोजरबाईंचा चेहरा फुलला. त्यांचं माहेर तळेघरचं. लग्नाची साडी याच शेठच्या दुकानातली, डोंगर उतरून सगळे पायी आले होते, ते त्यांनी उभ्या उभ्या सांगून टाकलं. मग कसली बंदी नि कसलं काय. झमकूबाईंना बाहेरच्या दालनातल्या बाकावर पंख्याखाली बसवलं, त्या दोन खाखरे खाऊन तिथंच आडव्या झाल्या. आणि शेठ हात पाठीमागे बांधून नातीच्या खोलीत शिरले.

खोलीत त्यांना चित्र दिसेना. भिंती कोऱ्या. जमिनीवर पांढऱ्या खोळीची गादी अंथरलेली, आणि तिच्यावर साड्यांचा हा मोठा ढीग. दोनशे तरी असतील. सगळ्यांच्या घड्या मोडलेल्या, पदर एकमेकांत अडकलेले. शेठनी वाकून बघितलं आणि त्यांना एकेक साडी ओळखू यायला लागली. जांभळी, पोपटी काठाची, तीन दिवाळ्या पडून राहिलेली. ती भगवी, बेल्ह्याच्या एका मामीने दोनदा उघडायला लावून नाकारलेली. हा तर आपल्याच गोदामातला न विकलेला माल. प्रितमने मुंबईला दोन गाठोडी पाठवली होती, ती कशाला ते आता त्यांना समजलं. पोरीची चित्रं अजून यायची असणार आणि गुंडाळायला, पुसायला म्हणून हे कापड आणलेलं असणार. पाच तासांवर उद्घाटन आलंय आणि इथं पोरीच्या खोलीत हा पसारा.

पन्नास वर्षं या माणसाने एकच काम रोज केलं होतं. गिऱ्हाईक उठलं की गादीवरच्या साड्यांच्या घड्या घालायच्या. घडी न घालता शेठ कधी जेवायला उठले नाहीत. त्यांनी मांडी घातली आणि हात आपसूक चालायला लागले. पदर आत, काठाला काठ, हनुवटीखाली धरून एक झटका, मांडीवर दुमड, की झाली घडी. गोजरबाई चहा घेऊन आल्या, त्यांनाही राहवेना, त्या दुसरं टोक धरायला बसल्या. तळेघरच्या, डिंभ्याच्या, कुणाकुणाच्या लग्नांच्या गप्पा निघाल्या. शेठ इतके खुशीत होते की मधूनच गुणगुणत होते. नात येईल आणि खोली लख्ख बघून काय म्हणेल, एवढंच त्यांच्या डोक्यात. दोन तासांत भिंतीला लागून रंगवार लावलेल्या सहा चळती उभ्या राहिल्या, आणि गादी पांढरीशुभ्र मोकळी झाली.

तीन वाजता सिद्धी आणि मोहित आले. सिद्धी खोलीच्या उंबऱ्यातच थांबली. तिच्या हातात तिच्या नावाची पाटी होती. शेठ उठून कौतुकाने म्हणाले, बघ, सगळं आवरून ठेवलं, आता आण तुझी चित्रं. ती खाली बसली आणि पाटी त्यांच्यापुढे धरली. पाटीवर कामाचं नाव लिहिलेलं होतं, ‘बस्ता उठल्यावर’, आणि खाली, जुन्या साड्या, गादी.

“दादाजी, तो ढीगच माझं काम होतं,” ती म्हणाली.

शेठना आधी अर्थच लागला नाही. मग लागला, आणि ते चळतींपाशी खाली बसले. जुन्नरभर जो माणूस हात लावू नका म्हणून सांगत फिरला, त्याने नातीचं काम हातांनी उचलून, झटकून, रंगवार लावून टाकलं होतं. त्यांना स्वतःचीच एवढी चीड आली की त्यांनी हात धोतरात लपवले. सिद्धी रागावली नाही, तेच जास्त लागलं. ती हळू आवाजात सांगत होती की लहानपणी ती दुकानाच्या कोपऱ्यात बसायची, बस्त्याची माणसं जीपमध्ये बसून गेली की मागे हा ढीग उरायचा, आणि त्यात जांभळ्यावर केशरी, केशरीवर हिरवा असे रंग पडलेले असायचे, तेवढं सुंदर तिने नंतर कुठं पाहिलं नाही. पण ते सुंदर आहे हे म्हणेपर्यंत दादाजींनी अर्ध्या घड्या घालून टाकलेल्या असायच्या. चार दिवस खपून तिने तसा ढीग जमवला होता.

मोहितने घड्याळ बघितलं आणि सांगितलं की साडेपाचला मोठे पाहुणे यायला सुरुवात होईल. तोवर ढीग परत झाला पाहिजे, नाहीतर ही खोली बंद ठेवून उद्घाटन करावं लागेल. सिद्धी उठली. तिने आणि मोहितने मिळून चळती उचलल्या, साड्या मोकळ्या केल्या आणि गादीवर टाकायला सुरुवात केली. वीस-पंचवीस साड्या टाकून झाल्यावर शेठना राहवेना.

“हा धोब्याचा ढीग झाला, दुकानाचा न्हाई,” ते म्हणाले.

मोहितला फरक कळेना. शेठ मात्र आता उभे राहिले होते. त्यांनी समजावून सांगितलं. साडी फेकली की ती बोळा होऊन पडते. दाखवली की तिचा पदर गिऱ्हाइकाकडे पडतो आणि घडी दुकानदाराकडे उरते. जी एकदम नापसंत, ती डावीकडे लोटली जाते. जिच्यावर मन थोडं अडकलं, ती गिऱ्हाईक गुडघ्याजवळ ओढून ठेवतं, मग तिच्यावर दुसरी येते. ढीग कुणी करत नाही, तो गिऱ्हाइकाच्या मनासारखा होत जातो. सिद्धीचे डोळे मोठे झाले. चार दिवस तिचं काहीतरी चुकत होतं ते हेच, असं ती म्हणाली.

“मला गिऱ्हाईक द्या,” शेठ म्हणाले. “दोन तासांत बस्ता उठवून दाखवतो.”

टाकलेल्या साड्या बाजूला काढून गोजरबाईंना गादीवर बसवलं. शेठनी बाह्या सारल्या, गादीच्या पलीकडे मांडी ठोकली आणि पहिली साडी हवेत उलगडली. पण गोजरबाई पडल्या साध्या. पहिली दाखवली, लई झ्याक म्हणाल्या. दुसरी दाखवली, हीपण लई झ्याक. तिसरी त्यांनी छातीशीच धरली. असं गिऱ्हाईक देवाने रोज द्यावं, पण त्याने ढीग होत नाही. सिद्धीने घड्याळ बघितलं. चार वाजत आले होते.

तेवढ्यात दारातून आवाज आला. झमकूबाई कधीच्या उठून तिथं उभ्या होत्या आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“सरका गोजरबाई, तुमाला नाकारता यायचं न्हाई,” असं म्हणत त्या आल्या, चष्मा पदराने पुसला आणि गादीवर ऐसपैस बसल्या.

शेठ क्षणभर बावरले. लग्नाला पन्नास वर्षं झाली, पण आपली बायको आपल्यासमोर गादीच्या त्या बाजूला कधी बसली होती हे त्यांना आठवेना. मग हातांनी सवयीने साडी उचलली. झमकूबाईंनी नुसतं बघितलं आणि म्हटलं, रंग उडेल. दुसरी. काठ जड आहे. तिसरी. ही तर तुम्ही मलाच गेल्या संक्रांतीला देत होता. चौथी आमसुली रंगाची होती, बारीक काठाची. ती त्यांनी हातात घेतली, दोन बोटांत धरून बघितली, आणि मान हलवून खाली टाकली. तिच्यावर पाचवी पडली.

आणि मग काय विचारता. शेठना रंग चढला. बेल्ह्याच्या मामीला जे सांगितलं नव्हतं ते त्यांनी बायकोला सांगितलं. हा पदर बघ, हा धागा बघ, हा रंग फोर्टात कुणाकडे असेल तर दाखव. झमकूबाई एकाहून एक कारणं काढत होत्या. ही नेसून मी देवळात जाऊ का तमाशाला. ही वन्संना द्या. ही उन्हात पाच मिनिटं ठेवा, मग बोलू. गोजरबाई हसून हसून भिंतीला टेकल्या. मोहितने आधी मोबाईलवर दोन फोटो काढले आणि मग तोही खाली बसून कोणती साडी नाकारली जाईल याचा अंदाज बांधायला लागला. एकही अंदाज बरोबर आला नाही, सगळ्याच नाकारल्या जात होत्या. साड्या हवेत उलगडत होत्या, पडत होत्या, डावीकडे लोटल्या जात होत्या, गुडघ्याशी जमत होत्या. ढीग घोट्यापर्यंत आला, गुडघ्यापर्यंत आला, मग दोघांच्या मधोमध इतका वाढला की शेठना झमकूबाईंचा फक्त चेहरा दिसायला लागला. सिद्धी खोलीभर फिरून वेगवेगळ्या कोपऱ्यांतून बघत होती. जांभळ्यावर केशरी पडलं होतं, केशरीवर हिरवा, आणि त्यात कुणी मुद्दाम केल्याचं नामोनिशाण नव्हतं.

सव्वापाचला शेवटची साडी उलगडली. झमकूबाईंनी ती पण लोटली. शेठच्या अंगात घामाच्या धारा, घसा सुकलेला, दोनशे साड्या दाखवून एक खपली नाही, असा दिवस दुकानात कधी आला नव्हता आणि इतका आनंदही कधी झाला नव्हता. त्यांनी दोन्ही हात वर केले.

“अगं, मग तुला पायजे तरी कसली?”

झमकूबाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग शांतपणे म्हणाल्या, “पन्नास वर्षांत आज इचारलंत. गिऱ्हाइकाला तर बसायच्या आधी इचारता.”

शेठनी बायकोच्या अंगावरच्या साडीकडे बघितलं. पोपटी, रुंद झगमगीत काठाची, चार वर्षं गोदामात पडून राहिलेली, कुणी घेईना म्हणून घरी आणलेली. तिच्याआधीची पण तशीच. तिच्याही आधीची पण. कापडाच्या दुकानदाराची बायको म्हणून सगळी पेठ तिचा हेवा करायची, आणि तिच्या कपाटात तेवढंच होतं जे बाकी सगळ्यांनी टाकलेलं. शेठना लाज वाटली, अगदी खोलवर वाटली. शेवटी त्यांनी तेच विचारलं जे दुकानदार विचारतो, यातली एखादी तरी पसंत पडली का.

“ती आमसुली. चवथी दाखवली ती.”

“मग तवाच का न्हाई सांगितलं?”

“तवा हो म्हणले असते,” झमकूबाई सिद्धीकडे बघून म्हणाल्या, “तर पोरीचा ढीग कसा झाला असता?”

शेठचा हात ढिगाच्या तळाकडे गेला. आमसुलीचा बोटभर काठ गादीपाशी बाहेर आला होता, धरून ओढला की आली असती. सिद्धी एक पाऊल पुढे आली. शेठनी हात मागे घेतला, दुसऱ्या हातात पकडला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहिले. झमकूबाईंना सिद्धीने उठवलं आणि तिथंच मिठी मारली.

सहा वाजता माणसं आली. चांगली माणसं आली, लांबलांबून आली, आणि सिद्धीच्या खोलीतून बाहेर निघायला तयार होईनात. मोहितने गर्दीतूनच तिला अंगठा दाखवला. एक वयस्क बाई गादीपुढे खाली बसल्या आणि कुणाशी न बोलता बराच वेळ बसून राहिल्या. कुणीतरी ढिगाला हात लावायला वाकलं तर शेठ लगेच मध्ये यायचे आणि हात मागे बांधायला सांगायचे. हे कोण, असं लोक विचारायचे. सिद्धी सांगायची, माझे दादाजी. या कामात काय बघायचं, असं एका माणसाने त्यांनाच विचारलं, तेव्हा शेठनी त्याला दंडाला धरून गादीपाशी नेलं, वाकायला लावलं आणि तळाला दिसणारा तो बोटभर काठ दाखवला.

“ही माझ्या बायकोने पसंत केलीय,” ते म्हणाले. “एकतीस दिवसांनी मोकळी व्हणार. घ्यायला मी सोता येणार हाय, पहिल्या एसटीनं.”